‘डिनर’ : एका शब्दाची दिनचर्या



स्मृतिव्याख्यानाचा विषय गंभीर असावा, निदान त्याचे नाव तरी गंभीर असावे, अशी आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. आणि ‘डिनर’ हा तीन अक्षरी इंग्रजी शब्द घेऊन मी आपणांपुढे उभा राहिलो आहे हे पाहून, आपण व्याख्यानाला आलो की मेजवानीला, असा संभ्रम कोणास पडला असल्यास त्यात त्यांचा दोष नाही. तथापि ज्या व्यासंगी गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शब्दांचाच पाठपुरावा केला, आणि तो करताना दरबारातला शब्द आणि स्वयंपाकघरातला शब्द यांत पंक्तिप्रपंच कधी केला नाही. त्या शिस्तीला धरूनच आजचा विषय निवडला आहे.

आपण सर्वांनी शाळेत ब्रेकफास्ट म्हणजे न्याहारी, लंच म्हणजे दुपारचे जेवण आणि डिनर म्हणजे रात्रीचे जेवण अशी त्रिसूत्री घोकली, आणि ती इतकी पक्की घोकली की तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण पुढे कोणाला पडले नाही. पण १७५५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश उघडावा, तर तेथे डिनर म्हणजे दिवसातले मुख्य जेवण, जे मध्यान्हाच्या सुमारास घेतले जाते, असा अर्थ नोंदलेला आढळतो. जॉन्सन हा काही परप्रांतीय किंवा अर्धशिक्षित कोशकार नव्हता. इंग्रजी भाषेचे शब्द ज्याच्या शिक्क्याने चालत असे मानले जाई, असा तो पुरुष होता. मग आमची शाळा चुकली की जॉन्सन चुकला? माझे उत्तर असे, की दोघेही बरोबर आहेत. मधल्या काळात शब्दच दुपारहून रात्रीकडे चालत गेला. आणि जॉन्सनच्याही मागे जावे तितका हा शब्द उजाडत्या दिशेने सरकत जातो, आणि मुळाशी पोहोचावे तर तो चक्क न्याहारीच्या पाटावर बसलेला सापडतो.

त्या मुळाचा तपशील असा. लॅटिन भाषेत ‘येयूनुस’ म्हणजे उपाशी, रिकाम्या पोटाचा. शवविच्छेदन करणाऱ्या प्राचीन वैद्यांना लहान आतड्याचा मधला भाग प्रायः रिकामा आढळे, म्हणून त्यांनी त्यालाही हेच विशेषण बहाल केले, आणि आजचे शरीरशास्त्रज्ञ त्याला अद्याप ‘जेजुनम’ म्हणतात. या विशेषणापासून उपवास करणे या अर्थाचे क्रियापद झाले, त्यामागे मोडण्याचा अर्थ देणारा ‘डिस’ हा उपसर्ग लागला, आणि उत्तरकालीन बोली लॅटिनमध्ये ‘डिस्येयुनारे’ म्हणजे उपास मोडणे, पारणे फेडणे, असे क्रियापद रूढ झाले. फ्रान्सच्या भूमीवर लोकांच्या तोंडी ते झिजू लागले तेव्हा त्याचे दोन निरनिराळे अवशेष उरले; कारण त्याच्या काही रूपांत स्वराघात मधल्या अवयवावर पडे तर काहींत तो प्रत्ययाकडे सरके, आणि जेथे आघात पडला तेथले अक्षर टिकून जेथे पडला नाही तेथले गळून गेले. एका अवशेषातून फ्रेंच ‘देजने’ निघाला, दुसऱ्यातून जुना ‘दिस्नेर’ आणि आजचा ‘दिने’. हे दोन्ही शब्द एकाच आईची लेकरे आहेत आणि दोघांचाही मूळ अर्थ उपास सोडणे हाच आहे. यांपैकी धाकटे लेकरू नॉर्मन सरदारांबरोबर इंग्लंडात गेले आणि इसवी सन १३०० च्या सुमारास ‘डाइन’ आणि ‘डिनर’ या वेषांत इंग्रजी लिखाणात वावरू लागले. पुढे १५व्या शतकात इंग्रजांनी स्वतःच्या घरच्या शब्दांनी ‘ब्रेकफास्ट’ हा समास बनविला, त्याचाही अर्थ उपास मोडणे असाच. म्हणजे इंग्रज माणूस रोज दोनदा उपास सोडतो, सकाळी आपल्या भाषेत आणि रात्री लॅटिनमध्ये, असे म्हणावयास व्युत्पत्तिशास्त्राची हरकत नाही.

या शब्दाच्या शेवटी असलेल्या ‘अर’विषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. डिनर आणि सपर, म्हणजे संध्याकाळचे जेवण, या दोन्ही शब्दांतील हा ‘अर’ म्हणजे कर्त्याचा प्रत्यय नव्हे. तो जुन्या फ्रेंचमधील क्रियापदाच्या मूळ रूपाचा प्रत्यय आहे. आपण ‘जेवणे’ या क्रियापदावरून ‘जेवण’ हे नाम वापरतो तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इंग्रजांनी फ्रेंच क्रियापद जसेच्या तसे उचलून ते नाम म्हणून आपल्या ताटात वाढून घेतले.

आता हाच प्रवास आपल्या अधिक ओळखीच्या एका शब्दाने केलेला आहे, तोही येथेच सांगून टाकतो. मराठीतील ‘न्याहारी’ हा शब्द फारसी अमदानीतून आपल्याकडे आला. फारसीत ‘नाहार’ म्हणजे ज्याने सकाळपासून काही खाल्लेले नाही असा, निराहार. आणि ऐकणाऱ्याला संस्कृत ‘आहार’ शब्दाची आठवण व्हावी अशीच त्याची घडण आहे. त्या निराहार स्थितीचा भंग करणारे जे थोडेसे खाणे, ती नाहारी. मराठीने हा शब्द घेतला आणि सकाळच्या वेळेलाच बांधून ठेवला. परंतु इराणात मात्र आज ‘नाहार’ म्हणजे दुपारचे जेवण होय. उपाशीपणाचा वाचक शब्द, मग उपास मोडणाऱ्या खाण्याचा, आणि अखेर भर दुपारच्या भोजनाचा, हा क्रम लॅटिन-फ्रेंचांत घडला तसाच इराणातही घडला. दोन भाषांनी एकमेकींना विचारून तो केला नाही.

इंग्लंडात परत जाण्यापूर्वी ख्रिस्ती मठात क्षणभर डोकावणे आवश्यक आहे, कारण डिनरचा शेजारी जो ‘नून’ त्याची कैफियत तेथे दाखल आहे. आज नून म्हणजे दुपारचे बारा. पण शब्दाचे मूळ लॅटिन ‘नोना’, म्हणजे नववा, यात आहे. सूर्योदयापासून मोजलेला नववा तास, आपल्या हिशेबाने तिसरा प्रहर संपण्याची वेळ, घड्याळात सुमारे तीन. ६व्या शतकातील सेंट बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जो नियमग्रंथ लिहिला त्यात सप्टेंबरच्या मध्यापासून लेंटचा उपवासकाल लागेपर्यंत दिवसातून एकदाच, आणि तेही नवव्या तासाला, जेवावे असा दंडक आहे. पहाटेपूर्वी उठून प्रार्थना करणाऱ्या आणि दिवसभर शेतात व लेखनशाळेत राबणाऱ्या माणसाला हा दंडक किती जड गेला असेल, ते सांगावयास नको. शतकांच्या ओघात नवव्या तासाची प्रार्थना हळूहळू अलीकडे, म्हणजे मध्यान्हाकडे, ओढली गेली आणि तिच्याबरोबर तिचे नावही आले. १४व्या शतकापर्यंत नून म्हणजे बारा हा अर्थ स्थिर झाला. भक्तीपेक्षा भुकेचा ओढा येथे बलवत्तर ठरला, हे काही विद्वानांचे अनुमान मला पटते. तेव्हा नून तीनवरून बारावर मागे आला आणि डिनर सकाळवरून बारापर्यंत पुढे आला. दोघांची गाठ मध्यान्ही पडली आणि काही शतके ती टिकली.

ती गाठ टिकली होती त्या काळाचा सर्वांत चोख दाखला विल्यम हॅरिसन या धर्मोपदेशकाने १५७७ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडच्या वर्णनात मिळतो. त्याच्या नोंदीप्रमाणे सरदार आणि खानदानी लोक अकरा वाजता डिनर घेत आणि पाचाच्या सुमारास सपर; व्यापारी बाराला आणि सहाला; शेतकरी भर बाराला, आणि रात्री सातला किंवा आठला. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. या व्यवस्थेत जो जितका मोठा तो तितका आधी जेवतो, आणि ज्याला दिवस उजेडी राबायचे आहे त्याचे सपर सर्वांत शेवटी. अडीचशे वर्षांनी हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. उशिरा जेवणे हे मोठेपणाचे लक्षण बनते आणि लवकर जेवणे हे गरिबीचे. प्रतिष्ठा दोन्ही काळांत घड्याळाच्या काट्यावरच बसलेली होती, तिने फक्त बाजू बदलली.

हॅरिसननंतर सुमारे ऐंशी वर्षांनी लंडनमध्ये आरमारी कचेरीतला एक अंमलदार लघुलिपीत रोजनिशी लिहीत होता. सॅम्युएल पीप्स हे त्याचे नाव. १६५८ साली याच्या मूत्राशयातील खडा शस्त्रक्रियेने काढला, आणि भूल देण्याची विद्या ज्या काळी नव्हती त्या काळी त्या शस्त्रक्रियेतून जगल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ तो दरवर्षी आप्तेष्टांना जेवू घाली. १६६३ साली ही मेजवानी काही दिवस लांबून ४ एप्रिलला झाली. त्या दिवशी त्याच्या मेजावर काय होते हे त्याने टिपून ठेवले आहे : ससे आणि कोंबड्या यांचे रश्श्यातले कालवण, उकडलेली मेंढीची तंगडी, एका ताटात तीन कार्प मासे, कोकराची एक बाजू, भाजलेली कबुतरे, चार मोठे शेवंडे, तीन गोड टार्ट, लँप्री नावाच्या सर्पाकृती माशाची ‘पाइ’, अँचोव्ही माशांचे एक ताट, आणि वर नाना प्रकारची दारू. हे सर्व घरातल्या एकुलत्या एका मोलकरणीने रांधले, हे पीप्स मोठ्या अभिमानाने लिहितो. त्या बाईचे त्या दिवशी काय झाले असेल याची चौकशी करण्याचा दस्तूर तेव्हा नव्हता. माझ्या मुद्द्याला उपयोगी पडणारी गोष्ट मात्र जेवणानंतरची आहे. इतके जेवून ही मंडळी गाड्यांत बसून हाइड पार्कला फिरावयास गेली, आणि तेथे त्यांनी एका गाडीत राजा आणि दुसऱ्या गाडीत त्याची प्रिय सखी लेडी कॅसलमेन यांना दर फेरीला एकमेकांस अभिवादन करताना पाहिले. म्हणजे डिनर आटोपल्यावरही बागेत फिरण्याइतका आणि राजाची प्रणयलीला ओळखता येण्याइतका दिवस शिल्लक होता. डिनर दुपारी होत असे याला याहून चांगला पुरावा मला तरी नको.

ज्यांना हे डिनर मिळत नसे त्यांच्यासाठीही एक वाक्प्रचार होता. एलिझाबेथ राणीच्या काळी सेंट पॉलच्या जुन्या देवळाची मधली ओवरी म्हणजे लंडनचा चव्हाटाच होता. तेथे वकील गिऱ्हाइके गाठीत, सावकार भेटत, नोकर नोकरी शोधीत. जेवणाच्या वेळेला बाकीचे निघून जात, आणि ज्यांच्या खिशात पैसा नाही व ज्यांना कोणाचे आमंत्रण नाही असे काहीजण तेथेच एका थडग्यापाशी रेंगाळत राहत. ते थडगे ड्यूक हंफ्री याचे आहे असा लोकांचा समज होता, म्हणून उपाशी राहण्याला ‘ड्यूक हंफ्रीकडे जेवावयास जाणे’ असे नाव पडले. गंमत अशी, की थडगे हंफ्रीचे नव्हतेच. ते सर जॉन बोशां याचे होते आणि हंफ्री सेंट ऑल्बन्सला चिरविश्रांती घेत होता. तेव्हा उपाशी माणसाला यजमानही खोटाच मिळाला.

आता शब्द बाराच्या मुक्कामावरून का हलला, हा प्रश्न येतो. तो हलला याची तक्रार १७१० सालीच रिचर्ड स्टील याने ‘टॅटलर’ या नियतकालिकात नोंदविली, आपल्या हयातीत डिनर बाराहून तीनपर्यंत सरपटत गेले आहे आणि ते कोठे जाऊन ठरेल हे कोणालाच माहीत नाही, असा त्याचा सूर होता. १७९८ साली जेन ऑस्टिन आपल्या बहिणीला पत्रात कळविते, की आम्ही हल्ली साडेतीनला जेवतो, आणि तुम्ही बसण्यापूर्वी आमचे आटोपलेले असते. यामुळे तुम्ही आम्हांला तुच्छ लेखाल, अशी चेष्टाही ती करते. बहीण तेव्हा केंट परगण्यात श्रीमंत भावाच्या वाड्यावर होती आणि ऑस्टिन मात्र खेड्यातल्या पाद्र्याच्या घरी, हे लक्षात घेतले म्हणजे चेष्टेतला काटा दिसतो. दहा वर्षांनी तीच लेखिका आपल्या घरी पाचापूर्वी डिनर होत नाही असे लिहिते. आणि १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत नेदरफील्डच्या धनिक बिऱ्हाडात डिनरची हाक साडेसहाला येते. ऑस्टिनच्या कादंबऱ्या वाचताना आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना एक अडचण हमखास पडते : दुपारी दोन-तीन वाजताच्या भेटीला ती ‘सकाळची भेट’ कशी म्हणते? उत्तर सोपे आहे. त्या समाजात डिनर होईपर्यंतचा सारा काळ म्हणजे सकाळ. डिनर जसजसे पुढे गेले तसतशी सकाळ लांबत गेली. मनुष्याने सूर्याला बेदखल करून जेवणाला काळाचा अंमलदार नेमले, असे क्वचितच घडते.

या स्थलांतराची कारणे अनेक सांगतात, आणि त्यांतली तीन मला खरी वाटतात. पहिले कारण उजेडाचे. इंग्लंडात १७०९ पासून १८३१ पर्यंत मेणबत्त्यांवर कर होता; तेव्हा हिवाळ्यातल्या रात्री वीस पाहुण्यांना दिव्यांच्या लखलखाटात जेवू घालणे म्हणजे आपली तिजोरी भिंतीवर टांगून दाखविण्यासारखे होते. दिवसा जेवण्यात काटकसर होती, म्हणूनच ते हीनपणाचे ठरले. पुढे १८०७ साली पॅल मॅल रस्त्यावर वायूचे दिवे लागले आणि क्रमाने उजेड स्वस्त झाला, तोपर्यंत उशिराची सवय मध्यमवर्गात उतरली होती. दुसरे कारण कामाचे. पूर्वी दुकान खाली आणि बिऱ्हाड वर अशी रचना होती; १९व्या शतकात कचेरी एकीकडे आणि घर उपनगरात, मध्ये आगगाडी, अशी स्थिती आली, आणि बारा वाजता घरी येऊन जेवणे कारकुनापासून पेढीवाल्यापर्यंत कोणालाच शक्य उरले नाही. तिसरे कारण निव्वळ अहंकाराचे : वरच्या थराने तासभर पुढे जावे, खालच्याने त्याला गाठावे, की वरच्याने पुन्हा तासभर पुढे जावे. ही शर्यत आठ-साडेआठाला येऊन थांबली, आणि ती तेथे थांबली याचे कारण पुढे झोप होती.

दिवसाच्या मध्यावरून मुख्य जेवण उठून गेल्यावर जी पोकळी पडली तिची भरती करण्यासाठी काही किरकोळ शब्द पुढे सरसावले. ‘लंच’चा अर्थ जॉन्सनच्या कोशात हातात मावेल इतके खाणे एवढाच आहे, म्हणजे आपला भाकरतुकडा; तो शब्द बढती मिळून जेवणाच्या पदाला चढला. त्याच्याशेजारी ‘नन्चन’ असा एक जुना शब्द होता, मुळात नूनच्या वेळचे पेय. तो बढतीविना वारला. लंच आणि लांबलेले डिनर यांच्यामध्ये पुन्हा पोट खवळू लागले, तेव्हा १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसने चार वाजता चहा आणि पावलोणी मागविण्याचा पायंडा पाडला असे सांगतात.

याच पोकळीत आपल्याकडे ‘टिफिन’ जन्मास आला. हा शब्द हिंदुस्थानी आहे अशी समजूत इंग्रजांनी दीर्घकाळ बाळगली. परंतु १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी त्याचे मूळ इंग्रजीतच दाखविले आहे, आणि १७८५ सालच्या ग्रोसच्या ग्राम्य शब्दांच्या कोशात जेवणाच्या वेळेव्यतिरिक्त खाण्यापिण्याला ‘टिफिंग’ म्हटल्याची नोंद सापडते. इंग्लंडात हा शब्द विझला आणि हिंदुस्थानात साहेबाच्या मध्यान्हीच्या फराळाचे नाव म्हणून पेटला. दक्षिणेत आज टिफिन म्हणजे इडली-डोसा; आणि मुंबईत, जेथे १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी कचेऱ्यांत डबे पोहोचविण्याचा व्यवसाय उभा केला, तेथे टिफिन म्हणजे खाणे नव्हे, तर ते ज्यात भरायचे ते भांडेच. घोटभर पेयापासून धातूच्या पुडांपर्यंत मजल मारणारा दुसरा शब्द मला ठाऊक नाही.

इकडे इंग्लंडात सर्वांनीच रात्रीचे डिनर स्वीकारले असते तर प्रकरण मिटले असते. पण गिरणीत, खाणीत आणि शेतावर राबणाऱ्या लोकांनी, विशेषतः उत्तर इंग्लंडात, दुपारच्या जेवणाचे डिनर हे नाव सोडले नाही. त्यांचे संध्याकाळचे जेवण म्हणजे ‘टी’, जिच्यात चहाबरोबर मांस-मासळीही असते. १९०६ साली पार्लमेंटने शाळेतल्या मुलांना जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना कायद्याने दिली, आणि ते जेवण दुपारी मिळत असूनही ‘स्कूल डिनर’ याच नावाने ओळखले गेले, वाढणाऱ्या बायका ‘डिनर लेडीज’ झाल्या. तेव्हा एकाच देशात, एकाच दिवशी, बारा वाजताच्या जेवणाला एक माणूस डिनर म्हणतो आणि दुसरा लंच, आणि त्या एका शब्दावरून दोघांचे कुळशील ओळखले जाते. अॅलन रॉस नावाच्या भाषापंडिताने १९५४ साली उच्च वर्गाच्या इंग्रजीवर एक निबंध लिहिला, आणि नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेने त्याचा डांगोरा पिटल्यामुळे तो घरोघर पोहोचला. त्यात रॉसने नोंदविले आहे, की वरच्या वर्गातले लोक डिनर रात्री घेतात आणि इतर लोक दुपारी; मात्र वरच्या वर्गातली मुले आणि कुत्री यांचे डिनर दुपारीच असते. या एका नोंदीवर इंग्रजी समाजरचनेचा एक ग्रंथ लिहिता येईल.

मग डिनरचा अर्थ तरी काय समजायचा? या प्रश्नाला सर्वांत समंजस उत्तर टॉमस डी क्विन्सी याने १८३९ साली रोमन लोकांच्या भोजनांवर लिहिलेल्या निबंधात दिले आहे. त्याचे म्हणणे असे, की डिनर हे वेळेचे नाव नव्हे. दिवसाच्या पोषणाचा भार ज्या जेवणावर पडतो ते, कितीही वाजता घेतले तरी, डिनर होय. रोमन लोकांचा ‘केना’ हा शब्द प्राचीन काळी मध्यान्हीच्या जेवणाचा वाचक होता. राज्य वाढले, वैभव वाढले, तसा तो तिसऱ्या प्रहराकडे आणि संध्याकाळकडे सरकला, संध्याकाळच्या जेवणाचे ‘वेस्पेर्ना’ हे जुने नाव लोपले, आणि दुपारची जागा ‘प्रांदियुम’ने घेतली. लंडनने जे केले ते रोमने दीड-दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवले होते. डी क्विन्सीचे सूत्र लावले म्हणजे नाताळचे डिनर भर दुपारी का असते आणि अमेरिकेतले आभारदिनाचे डिनर उन्हे कलण्यापूर्वी का सुरू होते, याचाही उलगडा होतो. शब्दात वेळ नाही. शब्दात मान आहे.

या मानाची एक तऱ्हा आपल्या देशाच्या इतिहासाला चिकटलेली आहे. लंडनच्या ज्या चार संस्थांतून बॅरिस्टर होता येते तेथे नुसती परीक्षा देऊन भागत नसे. ठरावीक सत्रांत, ठरावीक संख्येने, सभागृहातल्या डिनरांना हजेरी लावावी लागे. गांधीजी १८८८ साली इनर टेंपलमध्ये दाखल झाले आणि १८९१ साली बॅरिस्टर झाले. आत्मचरित्रात त्यांनी या डिनरांचे मोठे खुसखुशीत वर्णन केले आहे. सत्रात सुमारे चोवीस डिनरे होत, त्यांतल्या सहांना तरी हजर राहावे लागे. खाल्लेच पाहिजे असे नव्हते, पण वेळेवर जाऊन अखेरपर्यंत बसणे भाग होते. चौघांच्या गटाला मद्याच्या दोन बाटल्या मिळत, आणि गांधीजी मद्य घेत नसल्यामुळे त्यांना आपल्या गटात ओढण्यासाठी चढाओढ लागे. एका शाकाहारी पारशी विद्यार्थ्याच्या साहाय्याने त्यांनी अर्ज करून शाकाहारी पान मिळविले. डॉक्टर आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले तेही याच व्यवस्थेतून. एका पंक्तीला बसून जेवल्याशिवाय वकिलीची सनद नाही, ही कल्पना इंग्रजांना केवळ परंपरेची वाटे. परंतु ज्या समाजात पंक्तीला कोणी बसावे आणि कोणी बसू नये यावरून ग्रामण्ये माजत आणि प्रायश्चित्ते घ्यावी लागत, त्या समाजातून गेलेल्या, विशेषतः पंक्तीतून वगळलेल्या जातीतून गेलेल्या, विद्यार्थ्याला तिचे वजन निराळेच जाणवले असले पाहिजे. इंग्रजाच्या जेवणाने माणसाची पायरी वेळेवरून ठरविली. आपल्या जेवणाने ती शेजाऱ्यावरून ठरविली. दोहोंपैकी आपली रीत अधिक क्रूर होती, हे म्हणताना मला यत्किंचितही संकोच वाटत नाही.

फ्रेंचांची हकीकत थोडक्यात सांगून मी मराठीकडे वळतो. पॅरिसमध्येही ‘दिने’ रात्रीकडे गेला, ‘देजने’ सकाळवरून दुपारवर आला, आणि सकाळसाठी ‘धाकटा देजने’ असा नवा शब्द घडवावा लागला. परंतु बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि कॅनडातील क्वेबेक येथल्या फ्रेंचभाषकांनी जुनी घडी मोडली नाही. त्यांच्याकडे अद्याप देजने सकाळी, दिने दुपारी आणि सूपे रात्री. राजधानी बदलते आणि दूरचा मुलूख जुने जपतो, हा अनुभव तंजावरची मराठी ऐकलेल्या माणसाला नवा नाही.

मराठीत ‘जेवण’ हा शब्द ‘जेमन’ या संस्कृत शब्दापासून आला आणि त्यात वेळेचे बंधन नाही. वेळ आपण विशेषणाने सांगतो, सकाळचे, दुपारचे, रात्रीचे. म्हणून तो शब्द सरकला नाही. जेथे नामातच प्रसंग कोंडलेला आहे तेथे मात्र मराठीही इंग्रजीच्याच वाटेने गेली आहे. ‘फराळ’ म्हणजे मुळात फलाहार, उपासाच्या दिवशीचे फळांचे खाणे; आज दिवाळीचा फराळ म्हणून जी चकली, जे अनारसे आणि जे बेसनाचे लाडू आपण एकमेकांच्या घरी पाठवितो त्यांत फळ औषधालाही नाही, आणि उपास तर नाहीच नाही. आता एखादा शुद्धिवादी उठून चकलीला फराळ म्हणू नका असे सांगू लागला, तर त्याने आधी इंग्रजांना रात्री डिनर घेण्याची बंदी करून यावे. व्युत्पत्ती शब्द कोठून निघाला ते सांगते. तो कोठे राहावा हे ठरविण्याचा अधिकार तिला नाही.

माझी तक्रार शुद्धिवाद्यांपेक्षा आम्हां कोशवाल्यांविषयी अधिक आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या आणि १८५७ च्या आवृत्तीपासून दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत आपल्याकडे कोशकार्य मोठे झाले, आणि कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी १९४६ साली व्युत्पत्तिकोशही दिला. परंतु खाण्याच्या वेळांची जी नावे खेड्यापाड्यांत चालतात ती कोणत्या घटकेला, कोणत्या धंद्याच्या माणसाने आणि ताटात काय असताना उच्चारली, याची नोंद आपण फारशी ठेवली नाही. कोकणातला शेतकरी सकाळच्या नांगरटीनंतर जी पेज घेतो तिला न्याहारी म्हणायचे की जेवण? देशावर शेतात पोहोचविली जाणारी भाकर दिवसातले मुख्य जेवण की मधला तुकडा? गिरणीतल्या रात्रपाळीवरून पहाटे परतणाऱ्या कामगाराच्या घरी त्या वेळच्या जेवणाला काय म्हणतात? हॅरिसनने चार ओळींत वर्ग आणि तास लिहून ठेवले म्हणून आज आपण अडीच-तीनशे वर्षांचे स्थलांतर मोजू शकलो. आपल्याकडे हॅरिसन झाला नाही आणि कचेऱ्यांचे, शाळांचे व पाळ्यांचे घड्याळ खेड्यात शिरले आहे.

म्हणून श्रोत्यांना, आणि विशेषतः पुढे बसलेल्या विद्यार्थ्यांना, माझी विनंती आहे. सुट्टीत घरी गेलात म्हणजे आपल्या आजीला किंवा गावातल्या कोणा वृद्ध माणसाला दिवसभरातल्या खाण्यांची नावे विचारा. नावापुढे घटका, ऋतू, धंदा आणि ताटातले पदार्थ लिहा, त्यावर गावाचे व तालुक्याचे नाव आणि तारीख घाला, आणि तो कागद आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल करा. अर्थ लावण्याची घाई करू नका. ते काम मागाहून येणारे करतील.